ते म्हणतात, काही विशेष नाही

लिमयेकाका "काही विशेष नाही" म्हणाले, की काहीतरी विशेष असायचंच. हे कळायला मला दीड-दोन वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा तोंड उघडायची हिंमत झाली नाही. त्यांची ती व्हिडिओ कॅसेट अजून माझ्या कपाटात आहे. कायमचं पुण्याला जाताना त्यांच्या बायकोने, शैलाकाकूंनी, माझ्या हातात ठेवली होती. आता ती लावायला घरात व्हीसीआर नाही, आणि असता तरी मी लावली नसती.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पुण्या-मुंबईची सॉफ्टवेअरवाली मंडळी बॅगा भरभरून जपानला येत होती, त्यांच्यामागे बायका-मुलं, आणि बायकांच्या बॅगांतून कुकर आणि गोडा मसाला. एदोगावा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पाच मराठी बिऱ्हाडं होती. आम्ही चौथ्या मजल्यावर, लिमये सहाव्या. काका आमच्या सगळ्यांपेक्षा वीसएक वर्षांनी मोठे, जपानी पुण्यातच शिकलेले, आणि आमच्या आधी सात वर्षं येऊन मुरलेले. माझा नवरा नितीन त्यांच्याच टीममध्ये होता. जपानी क्लायंट आणि आपली सॉफ्टवेअरवाली मुलं यांच्यामध्ये बसून इकडचं तिकडे सांगायचं हे काकांचं काम. ऑफिसात त्यांना 'रिमाये-सान' म्हणत, कारण जपानी जिभेला 'ल' झेपत नाही.

दिसायला अगदी साधे. ठेंगणे, पोट किंचित सुटलेलं, कानांवर केसांचे पांढरे झुपके. खिशात कायम कागदात गुंडाळलेली आल्याची गोळी असायची, ती समोरच्याला द्यायची लकब. बोलण्याआधी एकदा घसा साफ करायचे, आणि मग आवाज असा मऊ यायचा, की समोरचा अर्धा तिथेच गार व्हायचा. भांडण त्यांना सहन होत नसे. दोन माणसं आवाज चढवून बोलू लागली की काकांचा हात आपोआप पोटावर जायचा. तेव्हा आम्हाला वाटायचं, ती सवय आहे.

त्या कॅसेटची गोष्ट अशी. कावासाकीला त्यांच्या ऑफिसजवळ एक म्हातारी दुकान चालवायची. जपानी वंशाची, पण सगळा जन्म दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात गेलेला. तिकडून कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांसाठी ती तिकडची कडधान्यं, मिरच्या आणि जुन्या स्पॅनिश सिनेमांच्या कॅसेट ठेवायची. दुकान बंद करताना तिने कॅसेट वाटून टाकल्या. काकांनी एक उचलली, कारण वेष्टनावरच्या नटीचा चेहरा, त्यांच्या मते, कॉलेजातल्या शैलाकाकूंसारखा होता. काकूंना हे अजिबात मान्य नव्हतं. "तिच्या भुवया बघ, काजळाची डबी सांडल्यासारख्या," त्या म्हणायच्या.

काकांना स्पॅनिशचा गंध नव्हता. म्हातारीने एकदा जपानीतून गोष्ट सांगितली होती, त्या भांडवलावर काका दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी सगळ्यांना सिनेमा दाखवायचे. आवाज बारीक करून स्वतः टीव्हीशेजारी मोढ्यावर बसायचे आणि सगळ्या पात्रांचं मराठीत बोलायचे. तेही कसं, तर अस्सल सदाशिवपेठी. सुटाबुटातला नायक फोन उचलून "कोण बोलतंय? दुपारी एक ते चार फोन करायचा नसतो, माहीत नाही का?" असं खेकसायचा, आणि आम्ही पोट धरून हसायचो.

गोष्ट गमतीदार होती. नायिका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला. लांबच्या गावाची लाइन खराब, म्हणून नायक आणि त्याची श्रीमंत वाग्दत्त वधू यांचे निरोप हीच एकमेकांना सांगते. दोघं एकमेकांना टाकून बोलतात, ही मध्ये साखर घालते. त्याने म्हटलं, "तुझ्या वडिलांचं तोंडही बघणार नाही," की ही सांगते, "वडिलांना नमस्कार सांगितलाय." असं करता करता लग्न ठरतं, मांडव पडतो, आणि इकडे नायक हिच्याच आवाजाच्या प्रेमात. तिथून पुढे थोडी पळापळ व्हायची आणि काका टेप थांबवायचे. "पुढची दहा मिनिटं टेप खराब आहे. पण शेवट गोड आहे. कुणाला काही कळलं नाही आणि सगळे सुखी झाले." मग काकू साबुदाण्याची खिचडी आणायच्या.

मी आल्यावर पहिल्याच महिन्यात खालच्या मजल्यावरच्या जपानी आजी दारात आल्या. मला तेव्हा 'अरिगातो'च्या पुढे काही येत नव्हतं. काकांना बोलावलं. आजी वाकून वाकून बरंच बोलल्या, काकाही वाकले. मग मला म्हणाले, "काही विशेष नाही. म्हणतात, मुलगी गोड आहे, तिचे पाय फार चपळ आहेत." मी खूश. सई तेव्हा तीन वर्षांची, दिवसभर घरात धावायची. मी म्हटलं, धाव बाई, आजींना आवडतं. पुढे मी वॉर्ड ऑफिसच्या फुकट जपानी वर्गाला जाऊ लागले. वर्षभराने एकदा कचऱ्याच्या जागी, मंगळवारचा जळाऊ कचरा टाकताना, आजी भेटल्या आणि या वेळी त्या काय म्हणतायत ते मला शब्द न् शब्द समजलं. वर्षभर त्यांना दुपारची झोप नव्हती. कानात कापूस घालून बसायच्या. आता त्या बहिणीकडे राहायला चालल्या होत्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तशीच सहाव्या मजल्यावर गेले आणि काकांना फाडफाड बोलले. ते शांतपणे ऐकत होते, हात पोटावर. "अगं, तू नवीन, परक्या देशात, कडेवर पोर. पहिल्याच महिन्यात तुला कशाला रडवायचं?" नंतर काकूंकडून कळलं, की काका दर पंधरवड्याला फळांची पिशवी घेऊन खाली जात आणि माझ्या नावाने माफी मागून येत. आजींना वाटायचं, मी माफी तर मागते, पण मुलीला मात्र काही आवरत नाही. बिल्डिंगमधलं कुणीतरी म्हणालं, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला. माझा काही गेला नाही. त्यांच्या रिकाम्या खिडकीकडे बघून मी कितीतरी दिवस सईला चवड्यांवर चालवत होते.

ऑफिसातही हेच. नितीन घरी येऊन हसत हसत सांगायचा. क्लायंटचे साहेब लालबुंद होऊन दहा मिनिटं बोलले, की काका सांगणार, "म्हणतात, अजून एकदा तपासून घ्या." मुलं निर्धास्तपणे सहाला घरी. काका मात्र शनिवार-रविवारी एकटे जाऊन प्रोग्रॅममधली भोकं बुजवत बसायचे. ते हसण्यावारी गेलं. पण एका मीटिंगमध्ये पुण्याहून फोनवर असलेला मुख्य मुलगा वैतागून म्हणाला, "मे महिन्यात रिलीज? वेड लागलंय का यांना? इट्स नॉट पॉसिबल, सरळ नाही म्हणून सांगा." काकांनी घसा साफ केला आणि जपानीत सांगितलं, "गांबारिमासु." म्हणजे, जीव तोडून प्रयत्न करतो. साहेबांनी पडत्या फळाची आज्ञा समजून तारीख वहीत लिहिली. मेच्या सुरुवातीला जपानात सगळ्या सुट्ट्या एकत्र येतात, गोल्डन वीक, तेव्हा ऑफिसं बंद असतात आणि नवी सिस्टिम चढवायला रान मोकळं. पुण्याला काकांनी कळवलं, "तारखेचं ते बघतायत." दोन्हीकडे शांतता पसरली. त्या रात्रीपासून नितीनचं हसणं बंद झालं.

त्याच हिवाळ्यात मी ती कॅसेट घरी नेली. सईला ताप होता, तिला तीच हवी होती. काकांनी थांबवलेली जागा येऊन गेली, मी उठले नाही, आणि टेप पुढे चालतच राहिली. खराब वगैरे काही नव्हती. नायिका भर मांडवात उभी राहते. सगळ्यांसमोर, एकेका माणसाकडे बोट दाखवून, कोण खरं काय बोललं होतं ते सांगते. भाषा कळली नाही तरी सगळं कळत होतं. वाग्दत्त वधू तिच्या थोबाडीत मारते. मग तो नायक डोकं धरून खाली बसतो आणि हसायला लागतो, आणि मग सगळेच हसतात. पुढे त्यांचं लग्न.

कॅसेट परत देताना मी म्हटलं, "काका, टेप चांगली आहे की. आणि शेवट तर फारच छान आहे."

ते जरासे ओशाळले. "तिला उगाच मार खावा लागतो गं. तेवढं दाखवायची गरज काय? सगळं नीट चाललं होतं."

"कुठे नीट? भलत्याच मुलीशी लग्न लागत होतं त्याचं!"

"लागलं असतं, निभावलं असतं," ते म्हणाले आणि मला आल्याची गोळी दिली. मला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली. इतक्या चांगल्या माणसाची भीती वाटावी याची लाजही वाटली, म्हणून मी ती गोळी खाल्ली.

मार्चच्या पहिल्या रविवारी सिनेमा चालू असताना सई त्यांच्या पोटावर डोकं टेकून पडली होती. एकदम उठून बसली आणि जपानीत म्हणाली, "काकांच्या पोटातपण हृदय आहे. धडधडतंय." ती बालवाडीत जायला लागल्यापासून जपानीच बोलायची. काकूंनी विचारलं, "काय म्हणते?" काका हसून म्हणाले, "म्हणते, काकांचं पोट उशीसारखं आहे." काकू हसल्या. मी हसले नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईने नायकाचा पुढचा डायलॉग म्हटला, तोही चुकीच्या जागी.

पंधरा दिवसांत कंपनीच्या वार्षिक तपासणीतून त्यांना कावासाकीच्या हॉस्पिटलात बोलावणं आलं. डॉक्टरांनी घरच्या माणसाला घेऊन यायला बजावलं होतं. काकूंना गाड्या बदलत एवढ्या लांब जायचं म्हटलं की धडकी भरायची, त्यांनी मला सोबत घेतलं. "ती कशाला उगाच?" काका तीनदा म्हणाले.

डॉक्टर तरुण होते, चष्मेवाले. त्यांनी कागदावर एक नळी काढली आणि तिच्या मध्यभागी मोठा फुगवटा. ते हळू, स्पष्ट बोलत होते, आणि माझं दुर्दैव, की मला समजत होतं. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली आहे. कधीही फुटेल. फुटली तर हातात फार काही राहणार नाही. याच आठवड्यात दाखल व्हा, शस्त्रक्रिया करू.

काकांनी घसा साफ केला. "शैला, ते म्हणतात, काही विशेष नाही. आतड्यात गॅस धरतो. हे बघ, हे आतडं."

काकू चित्राकडे वाकून बघत म्हणाल्या, "अगंबाई, केवढा हा गॅस! मी म्हणत नव्हते, बाहेरचं खाऊ नका? विचारा त्यांना, तिखट चालेल का."

काका डॉक्टरांकडे वळले आणि जपानीत म्हणाले, "माझी बायको म्हणते, मेमधलं काम संपल्यावर दाखल करू. तोवर तिची हरकत नाही."

डॉक्टरांनी चष्म्यातून काकूंकडे बघितलं. अशी कशी बायको, असं ते बघणं होतं. काकूंनी त्यांना छान हसून नमस्कार केला. मी खुर्चीची कड धरून बसले होते.

परतीच्या गाडीत काकूंना डुलकी लागली. काका दाराजवळ उभे होते, मी तिथे गेले. त्यांनी बाहेर बघत विचारलं, "तुला किती समजलं?"

"सगळं."

"हुशार झालीस."

"काका, हा खेळ नाहीये. मी काकूंना सांगणार."

"सांग. मग ती जेवायची नाही, झोपायची नाही. आणि मी तरी मेपर्यंत थांबणारच. ती तारीख माझ्या तोंडून गेलीय, स्मिता. ती पोरं माझ्या शब्दावर अडकलीयत, तुझा नवरापण. त्यांना तसं सोडून मी कॉटवर पडू?"

"मग क्लायंटला खरं सांगा. तारीख पुढे ढकलतील."

"जपानी माणसाला तारीख बदल म्हणून सांगायचं?" ते असे दचकले, जणू मी त्यांना चोरी करायला सांगत होते. "थोडेच दिवस. दाइजोबु." दाइजोबु म्हणजे, सगळं ठीक आहे. हा त्यांचा सर्वांत लाडका शब्द.

आणि मी गप्प बसले. हे मी कुणाच्या माथी मारणार नाही. दोनदा सहाव्या मजल्यावर गेले होते. एकदा काकू गॅलरीत कढीलिंबाच्या रोपाला ताकाचं पाणी घालत होत्या. मी म्हटलं, "काकू, एक सांगायचं होतं," आणि पानं मागून घेऊन खाली आले. दुसऱ्यांदा त्यांनीच सांगितलं, यांना हल्ली बिनतिखटाचं देते, पण पाठ दुखते म्हणतात, गॅस पाठीत गेला असेल का गं? मी म्हटलं, असेल. नितीनलाही मी सांगितलं नाही, कारण तो कामात बुडाला होता. कारणं काय, मागाल तेवढी सापडतात. काकांकडून मी जपानी फारसं शिकले नाही, पण हे मात्र शिकले.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेनऊच्या सुमाराला काकू माझ्या दारात उभ्या होत्या. हातातला फोन माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "कुणीतरी जपानीत बोलतंय. आणि हे घरात नाहीत गं सांगायला." हॉस्पिटलमधून फोन होता. काका कावासाकी स्टेशनच्या जिन्यावर कोसळले होते.

तेच हॉस्पिटल, तेच डॉक्टर. काकूंना बघून त्यांचा चेहरा कोरडा झाला. ते उभ्याउभ्याच मला म्हणाले, रक्तवाहिनी फुटली आहे, लगेच पोट उघडतोय, पण वाचतील असं मी सांगू शकत नाही. घरच्यांची सही हवी. समजावून सांगा.

मी काकूंकडे वळले. मी घसा साफ केला. खरंच केला, अगदी काकांसारखा. "काकू, ते म्हणतात, छोटंसं ऑपरेशन..."

काकूंनी माझं मनगट धरलं. "यांच्यासारखं नको. तो डॉक्टर म्हणाला तसंच सांग."

मग मी सगळं सांगितलं. आजचं सांगितलं, त्या दिवशीचंही, नळीचं आणि फुगवट्याचं, आणि काकांनी त्यांच्या तोंडी घातलेल्या वाक्याचंसुद्धा. काकूंनी मला थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी पेन मागून घेतलं. फॉर्मवर मराठीत सही केली. मग म्हणाल्या, "डॉक्टरांना सांग, मी तसं म्हणाले नव्हते. मी तिखटाचं विचारलं होतं."

मी ते जपानीत सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि काकूंपुढे इतके वाकले, की काकूच गोंधळल्या.

तेवढ्यात नितीन धावत आला, त्याच्यामागे क्लायंटचे ते साहेब. साहेबांनी ऑफिसातून निघायच्या आधीच रिलीज महिनाभर पुढे ढकलली होती. एका फोनवर. ते नितीनला पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, रिमाये-सान बोलले का नाहीत, आम्हाला कुणी सांगितलं का नाही. नितीनने माझ्याकडे बघितलं. त्याला माझ्या चेहऱ्यावरून काय कळायचं ते कळलं. त्यावर आम्ही आजवर कधी बोललो नाही.

मग स्ट्रेचर आलं. काका शुद्धीवर होते. चेहरा कागदासारखा, केसांचे झुपके घामाने चिकटलेले. काकू स्ट्रेचरची दांडी धरून शेजारून चालू लागल्या, मी दोन पावलं मागे. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नर्स थांबली. काकूंकडे बघून अगदी हळू आवाजात जपानीत म्हणाली, "जे काही बोलायचं असेल, ते आत्ता बोलून घ्या."

मी सांगायला तोंड उघडलं, तर काकूंनी माझ्याकडे न बघताच हात वर केला. त्या काकांकडेच बघत होत्या. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणते हो?"

काकांनी घसा साफ करायचा प्रयत्न केला. तो झाला नाही. मग तसेच म्हणाले, "काही विशेष नाही. म्हणते... वेळ लागेल. बाईंना म्हणावं, घरी जाऊन जेवून घ्या."

काकूंनी त्यांच्या कपाळावरचा झुपका मागे सारला. "बरं. जाते. भात टाकते तुमचापण."

"मऊ," काका म्हणाले.

"मऊच."

नर्सने दार ढकललं. स्ट्रेचर आत गेलं, काकांचा पांढरा झुपका तेवढा क्षणभर दिसला, आणि दार मिटलं. काकूंनी पदर सारखा केला, पर्स खांद्याला लावली, खरंच घरी निघाल्यासारखी. आणि तिथेच उभ्या राहिल्या.